एकशे दोन आरोग्यशाळांचा राजा

कंबोडियाला जाऊन आलो म्हटलं की समोरून हमखास विचारतात, "अंकोरवाट पाहिलंत ना?" पाहिलं, आणि डोळे भरून पाहिलं. पण अंकोरवाट बांधणारा सूर्यवर्मन दुसरा. आम्ही दोघी बहिणी गेलो होतो त्याच्यानंतर आलेल्या जयवर्मन सातव्यासाठी. निमित्त झालं एका संस्कृत ओळीचं. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, सव्वीस वर्षं झाली. धाकटी शाळेत संस्कृत शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझी रात्रपाळी चालू असताना तिचा फोन आला. "ताई, हे ऐक," म्हणाली आणि तिने वाचलं :

राष्ट्रदुःखं हि भर्तॄणां दुःखं दुःखं तु नात्मनः।

राष्ट्राचं दुःख हेच राजांचं दुःख, स्वतःचं दुःख हे दुःखच नव्हे. ही ओळ आहे जयवर्मनने बांधलेल्या दवाखान्यांच्या शिलालेखातली. प्रजेच्या देहाचा रोग राजाच्या मनाला जास्त दुखतो, असं तिच्या आधीच्या ओळीत म्हटलंय. सन ११८६. त्या राज्यात असे १०२ दवाखाने होते. वॉर्डात त्या रात्री अठरा पेशंट होते, आणि ती ओळ माझ्या डोक्यातून सकाळपर्यंत गेली नाही. २०२३च्या नाताळच्या सुट्टीत शेवटी जमलं.

पहिला दिवस, नॉम पेन्ह

सामान हॉटेलात टाकलं आणि तडक राष्ट्रीय संग्रहालय गाठलं. गेरूच्या रंगाची, टोकदार कौलारू छपरांची १९२० सालची इमारत आहे. मधल्या चौकात कमळांची चार तळी. दालनं बघत बघत जायचं ठरवलं होतं, पण धाकटी माझा हात धरून थेट जयवर्मनच्या मूर्तीपुढेच घेऊन गेली.

मांडी घालून बसलेला माणूस. अंगावर एकही दागिना नाही, डोक्यावर मुकुट नाही. केस मागे ओढून लहानसा अंबाडा घातलेला. खांदे रुंद, अंग भरलेलं, पोट किंचित सुटलेलं, वय झालेल्या माणसाचं असतं तसं. डोळे मिटलेले, मान थोडी पुढे झुकलेली. दोन्ही हात तुटून गेलेत. राजे लोक स्वतःची मूर्ती घडवून घेतात तेव्हा देव होऊन बसतात. हा माणूसच राहिला. पेशंटचं म्हणणं ऐकून घेताना चांगला डॉक्टर मान अशीच खाली करतो, मी रोज बघते. मूर्तीपुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. धाकटी दालनभर फिरून परत आली तरी मी तिथेच होते.

संध्याकाळी नदीकाठी बसून तिने त्याची सगळी कथा पुन्हा सांगितली. जन्म साधारण ११२५च्या सुमाराचा. वडील धरणींद्रवर्मन दुसरा, आई श्रीजयराजचूडामणी. वडील गेले तरी गादी याला मिळाली नाही, यशोवर्मन राजा झाला. हा मोहिमेवर चंपा देशात, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामात असताना इकडे ११६५च्या सुमारास बंड झालं आणि यशोवर्मन मारला गेला. हा धावत परतला, पण तोवर सगळं आटोपलं होतं. गादीवर बंडखोर त्रिभुवनादित्यवर्मन बसला होता. मग याने वर्षानुवर्षं वाट पाहिली. ११७७ साली चंपाचं आरमार नदीतून, मोठ्या सरोवरातून थेट राजधानीवर चालून आलं असं चिनी बखरी सांगतात. राजा मारला गेला, नगर लुटलं गेलं. त्या राखेतून याने सैन्य उभं केलं, चंपाच्या म्हणजे चाम सैन्याला हाकललं आणि ११८१ साली गादीवर बसला. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे. आपल्याकडे त्या वयात माणसं निवृत्तीचे हिशोब मांडायला लागतात. हा त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं राज्य करत राहिला.

दुसरा दिवस, जुना रस्ता

नॉम पेन्हहून सिएम रीपला विमानाने पाऊण तासात जाता येतं. आम्ही मुद्दाम गाडी केली. सव्वातीनशे किलोमीटरचा हा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग बऱ्याच ठिकाणी त्याच्याच जुन्या रस्त्याला धरून जातो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं आणि मधे मधे उभे ताड. कोकणातून आलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं, फक्त डोंगर कुठे दिसत नाहीत.

कंपोंग क्देईला गाडी थांबवली. इथे त्याने बांधलेला पूल आहे, स्पेआन प्राप्तोस. जांभ्या दगडाचा, ऐंशी मीटरहून लांब. खाली वीसेक कमानी एकीला एक लागून आहेत आणि दोन्ही कठड्यांना टोकाशी फणा काढलेले नाग. जांभा म्हणजे आमच्या घराच्या भिंतींचा दगड, त्यामुळे हात लावल्याशिवाय राहवलं नाही. तोच भोकाभोकांचा खरखरीतपणा, तोच उन्हात तापलेला तांबडा रंग. महामार्गाला वळण दिल्यामुळे आता अवजड वाहनं पुलावरून जात नाहीत, पण अलीकडच्या काळापर्यंत जात होती. आठशे वर्षांपूर्वीच्या कमानींनी ट्रक पेलले. आम्ही थांबलो तेव्हा शाळा सुटली होती आणि पोरं सायकली मारत पलीकडे चालली होती.

रात्री सिएम रीप. उकडा भात आणि केळीच्या पानात वाफवलेलं माशाचं आमोक. नारळाचं दूध आणि गवती चहा असलेली ती चव घरची नव्हती, पण परकीही वाटली नाही.

तिसरा दिवस, अंकोर थॉम

अंकोरचा तीन दिवसांचा पास बासष्ट डॉलरचा. पाच दिवसांत इथले सगळे राजे बघायला निघालो असतो तर एकही नीट दिसला नसता, म्हणून जयवर्मनच्या बाहेरचं फारसं काही बघायचं नाही असं ठरवलेलंच होतं. टुकटुकवाले दादा तिशीचे असतील. ते मला "बाँग स्रेय" म्हणायचे. आपण ताई म्हणतो तसंच.

अंकोर थॉम म्हणजे जयवर्मनने नव्याने बांधलेली राजधानी. तिच्या दक्षिण वेशीच्या पुलावर एका बाजूला चोपन्न देव, दुसऱ्या बाजूला चोपन्न असुर, आणि सगळ्यांच्या हातात नाग. समुद्रमंथन! त्यातली बरीच डोकी आता नक्कल केलेली आहेत, मूळची चोरीला गेली किंवा सुरक्षित ठेवलीत. वेशीवर चारी दिशांना बघणारे चेहरे. आत गेलं की नगराचा आवाका कळतो. एकेक तट तीन किलोमीटरचा, बाहेर शंभर मीटर रुंदीचा खंदक. एकदा लुटलं गेलेलं शहर ज्याने पाहिलं, त्याने नव्याने बांधताना भिंतींवर एवढा जीव का लावला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आणि मधोमध बायॉन. लांबून नुसती दगडांची रास वाटते. जवळ जाल तसतसे तिच्यातून चेहरे उमटायला लागतात. आज ३७ शिखरं उभी आहेत, चेहरे दोनशेच्या आसपास. ते बोधिसत्त्व लोकेश्वराचे, ब्रह्मदेवाचे की स्वतः राजाचे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी दोनच दिवसांपूर्वी संग्रहालयात तो चेहरा पाहिला होता. रुंद नाक, जाड ओठ, मिटले डोळे, तेच हसू. माझ्यापुरता प्रश्न सुटला. धाकटी मात्र "ताई, घाई करू नकोस" म्हणत राहिली.

चेहऱ्यांपाशी गर्दी होती. बाहेरच्या ओवरीतल्या कोरीव भिंतींपाशी माणसं कमी, म्हणून आम्ही तिथेच दीड-दोन तास काढले. सरोवरातली लढाई आहे तिथे. फुलासारखे शिरोवेष्टण घातलेले चाम सैनिक, आखूड केसांचे ख्मेर, म्हणजे इथले कंबोडियाचे सैनिक, एकमेकांना भिडलेल्या नावा, आणि पाण्यात पडलेल्यांना ओढणाऱ्या मगरी. पण त्या लढाईच्या खालच्या पट्टीत शिल्पकारांनी गाव वसवलंय. तराजू घेऊन बसलेल्या बाजारातल्या बायका, कोंबड्यांची झुंज, चुलीवरचं मोठं भांडं, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघणाऱ्या बायका. आणि एक बाळंतपण! मधे अवघडलेली बाई, भोवती धरून असलेल्या सुइणी. वीतभर जागेत कोरलेलं आहे. मी खाली उकिडवी बसून बघितलं. आमच्या लेबर रूममध्ये मावशी जशी मागून आधार देते, तशीच तिथली एकजण देत होती. राजाच्या मुख्य देवळावर, राजाच्या विजयाच्या खाली, बाळंतीण. मला तरी असं दुसऱ्या कुठल्या देवळावर पाहिल्याचं आठवत नाही.

बायॉनच्या गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती पुढे त्याच्या वारसांच्या काळात फोडली गेली. आठव्या जयवर्मनच्या काळात धर्माचं वारं फिरलं आणि हजारो बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडल्या गेल्या. तुकडे विहिरीसारख्या खड्ड्यात टाकलेले होते, ते १९३३ साली सापडले. सांधून उभी केलेली साडेतीन मीटरहून उंच मूर्ती आता राजवाड्याच्या मैदानापासून पूर्वेला, विहेआर प्रांपिल लवेंग नावाच्या साध्या मंडपात आहे. तिथे एक म्हातारी बाई फुलं वाहत होती. सांधे स्पष्ट दिसतात, जखमा भरून आल्यावर व्रण राहतो तसे. आमच्याखेरीज परदेशी कुणी नव्हतं.

दुपारनंतर फिमेआनाकास. पायऱ्यांचं, तसं लहानसं देऊळ, जयवर्मनच्या आधीपासूनचं. धाकटीसाठी ही जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण जयवर्मनचं चरित्र ज्या शिलालेखामुळे कळतं तो इथे मिळाला आणि तो एका राणीने रचला. जयवर्मनची राणी जयराजदेवी. नवरा चंपा देशात अडकलेला असताना तिने व्रतं, उपास करून शरीर झिजवलं. लेखात तिला सीतेची उपमा आहे. तिची थोरली बहीण इंद्रदेवी हिने तिला बुद्धाच्या वाटेवर आणलं, धीर दिला. नवरा परतल्यावर जयराजदेवीने जातककथांचे नाट्यप्रयोग करवले. आयांनी टाकून दिलेल्या मुलींना आपल्या लेकी मानून सांभाळलं. ती गेल्यावर राजाने इंद्रदेवीशी लग्न केलं. इंद्रदेवी विदुषी होती, विहारांतून स्त्रियांना शिकवायची. धाकट्या बहिणीचं आयुष्य हरवू नये म्हणून थोरलीने ते शुद्ध संस्कृत वृत्तांत लिहून दगडावर कोरून ठेवलं.

हे सांगताना आमची धाकटी मधेच गप्प झाली. आमची आई गेली तेव्हाचे दिवस दोघींनाही आठवले असणार. आम्ही पायरीवर बसून पाणी प्यायलो, आणि निघालो.

चौथा दिवस, ता प्रोम आणि दवाखाना

सकाळी साडेसातला ता प्रोमला पोचलो. झाडांच्या मुळांनी कवेत घेतलेलं देऊळ म्हणून त्याचे फोटो जगभर गेलेत. त्यातली मोठी पांढुरकी झाडं टेट्रामेलिस जातीची, आपल्या पश्चिम घाटातही ती आहेत. भिंतीवरून उतरलेल्या मुळांची जाडी माझ्या कमरेएवढी होती.

पण या जागेचं मूळ नाव राजविहार. ११८६ साली जयवर्मनने आपल्या आईची मूर्ती इथे प्रज्ञापारमितेच्या रूपात बसवली. आई म्हणजे प्रज्ञा, सगळ्या बुद्धांची माता. इथला संस्कृत लेख रचला राजपुत्र सूर्यकुमाराने, आणि त्यात हिशोब अगदी बारीक दिलाय. ३,१४० गावं या विहाराला लावून दिलेली, सेवेला ७९,३६५ माणसं, त्यात ६१५ नर्तकी. एकशे दोन आरोग्यशाळांचा आकडाही याच लेखातला.

इथे मी अडले. रात्री हॉटेलात, आणि दुसऱ्या दिवशीही. ऐंशी हजार माणसं एका देवळासाठी राबत होती. त्यांनी पिकवलेला तांदूळ, त्यांनी वाहिलेला दगड. बायॉनचे दगड तर इतक्या घाईत रचलेत की सांधे जुळलेले नाहीत, हे माझ्यासारख्या अडाणी नजरेलाही दिसतं. एका माणसाने एका आयुष्यात एवढं बांधायचं तर कुणाच्या तरी पाठीवर बांधावं लागतं. शिवाय १२०३ ते १२२० चंपा ख्मेरांच्या ताब्यात होतं, म्हणजे ज्यांनी लुटलं त्यांच्या घरांवरही हा चालून गेलाच. प्रजेचं दुःख ते माझं, असं म्हणणाऱ्या राजाच्या प्रजेत हे वेठीचे हात मोजले होते का? मोजले असतील असं मला वाटत नाही. तरीही दवाखाने खोटे ठरत नाहीत. दोन्ही एकाच माणसाने केलं.

ता प्रोममध्ये आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम वीस वर्षं चाललंय. नर्तकींचा मंडप त्यांनी दगड न् दगड जुळवून उभा केला, तो २०२२मध्ये खुला झाला. तिथे फलकावर तिरंगा दिसला तेव्हा आनंद झाला.

नंतर दादांना म्हटलं, आता दवाखान्याला न्या. त्यांना वाटलं मला बरं नाही. धाकटीने नकाशा दाखवल्यावर हसले.

ता केओ देवळापासून जरा पश्चिमेला, रस्त्याच्या कडेलाच झाडीत ती जागा आहे. एक लहानसं वालुकाश्माचं देऊळ, पूर्वेला तोंड केलेलं, छप्पर अर्धं ढासळलेलं. टुकटुक, बस, सायकली समोरून जात होत्या, थांबत कुणी नव्हतं. अंकोर थॉमच्या चार बाजूंना अशा चार आरोग्यशाळा होत्या, त्यातली ही एक. उरलंय ते फक्त देऊळ, रोग बरे करणाऱ्या भैषज्यगुरू बुद्धाचं. रोग्यांच्या खोल्या लाकडाच्या, त्या केव्हाच मातीत गेल्या. देवाला दगड आणि माणसाला लाकूड, असा तिथला बांधणीचा नियमच होता.

त्या रिकाम्या जागेत मी उभी राहिले आणि धाकटीला म्हटलं, आता वाच. तिने वहीतून लेखाचा मजकूर सांगितला. असाच मजकूर लाओसपासून थायलंडपर्यंत ठिकठिकाणच्या दवाखान्यांच्या शिळांवर मिळालाय. चारही वर्णांच्या माणसांवर इथे उपचार व्हावेत. वैद्य, कोठारावरची माणसं, स्वयंपाकी, पाणी तापवणाऱ्या आणि औषधं कुटणाऱ्या बायका, भात कांडणाऱ्या बायका. राजाच्या कोठारातून वर्षातून तीनदा यायचं ते सामान : मध, तूप, तीळ, कापूर, वेलची, मिरी, मोहरी, जिरं, सुंठ.

माझ्या रुग्णालयातही इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, असंच लिहितात. माल कधी येतो, कधी येत नाही. मार्च महिन्यात साधी सलाईन संपल्यावर नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगताना जीव तुटतो. म्हणून मला त्या यादीत पाणी तापवणारी बाई दिसली तेव्हा गहिवरून आलं. दवाखाना चालतो तो तिच्यामुळे, आणि ते कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं होतं. ती उभी राहत असेल ती जागा कुठली असेल म्हणून मी उगाच जमिनीवर शोधत राहिले. वाळलेली पानं होती, मुंग्यांचं वारूळ होतं. चौकटीच्या आत कुणीतरी त्या सकाळीच लावलेल्या तीन उदबत्त्यांच्या काड्या होत्या.

पाचवा दिवस, प्रिया खान आणि नेआक पोआन

प्रिया खान वडिलांसाठी, ११९१ सालचं. आईसाठी प्रज्ञापारमिता, तसे वडील लोकेश्वर. चाम सैन्याशी मोठी लढाई झाली त्याच जागेवर हे वसवलं म्हणतात, नाव नगर जयश्री. तटावर पाच मीटर उंचीचे गरुड नागांना धरून उभे आहेत. आत एकामागून एक दारं, प्रत्येक पुढचं दार जरा ठेंगणं, त्यामुळे गाभाऱ्याकडे जाताना मान आपोआप खाली जाते.

इथल्या लेखातून १२१ वह्निगृहं कळतात. वह्निगृह म्हणजे अग्नी जपून ठेवलेली धर्मशाळा, राज्यातल्या रस्त्यांवर ठराविक अंतराने बांधलेली. १७ विमायच्या वाटेवर, म्हणजे आजच्या थायलंडातल्या फिमाईच्या, आणि ५७ चंपाच्या राजधानीच्या वाटेवर. शत्रूच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सगळ्यात जास्त. पूर्वेच्या बाजूला असं एक वह्निगृह उभं आहे, जाड भिंतींचं, एका बाजूला खिडक्या असलेलं. वारीच्या वाटेवर गावोगाव जशी पाण्याची, विसाव्याची सोय असते, तशी ही बाराही महिने असणार.

नेआक पोआनला जायला पाण्यावरून लांब लाकडी पूल आहे. साडेतीन किलोमीटर लांबीचा हा तलाव जयवर्मननेच खोदवला, जयतटाक. मधल्या बेटावर चौकोनी कुंड, कुंडात गोल चौथरा, त्यावर लहान देऊळ. चार बाजूंना चार धाकटी कुंडं, आणि मोठ्यातलं पाणी त्यांत यायचं ते हत्ती, घोडा, सिंह आणि माणसाच्या मुखातून. हिमालयातल्या अनवतप्त सरोवराची ही प्रतिमा, रोग बरे करणाऱ्या पाण्याची.

कुंडात देवळाकडे तोंड केलेला एक दगडी घोडा पोहतोय. त्याच्या अंगाला, शेपटीला माणसं लटकलेली. मी थबकले. हा मी पाहिला होता! अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल अवदान रंगवलंय. राक्षसिणींच्या बेटावर अडकलेल्या व्यापाऱ्यांना पाठीवर घेऊन जाणारा बलाह घोडा, म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. शाळेच्या सहलीत गाइडने बॅटरी मारून दाखवला होता, पांढरा. सातशे वर्षांच्या अंतराने इथे तोच घोडा, तीच घाबरलेली माणसं, तीच घट्ट धरलेली शेपटी. मागे वळून बघायचं नाही एवढीच त्याची अट होती. धाकटीला मी ही गोष्ट सांगितली. या सबंध प्रवासात मी तिला काही सांगायची ही एकच वेळ.

सहावा दिवस

दुपारचं विमान. नवं विमानतळ गावापासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, म्हणून दादांना सकाळी लवकर बोलावलं होतं. सिएम रीपहून अंकोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहान मुलांचा एक मोठा दवाखाना आहे. रोज येताजाता दिसायचा. नाव, जयवर्मन सातवा. बिआट रिख्नर या स्विस डॉक्टरांनी १९९९ साली सुरू केला. उपचार मोफत. पैसा आणि रक्त मिळावं म्हणून ते डॉक्टर पर्यटकांपुढे चेलो वाजवत. २०१८ साली ते गेले, दवाखाना चालू आहे.

बाहेर आया मुलांना मांडीवर घेऊन रांगेत बसल्या होत्या. खांद्यावर क्रामा, म्हणजे चौकडीचा पंचा. त्यातच मूल गुंडाळलेलं. सकाळी सातला ओपीडीसमोर आमच्याकडे हेच असतं, पंच्याच्या जागी पदर. दादा म्हणाले, डेंग्यू झाला होता तेव्हा माझी मुलगी इथे सहा दिवस होती. बोटांवर सहा मोजून दाखवले.

रक्त देण्यासाठी पर्यटकांना आवाहन करणारा फलक होता. मला रक्तदाबाची गोळी चालू, म्हणून माझं घेणार नव्हते. धाकटी आत गेली. अर्ध्या तासाने कोपरात दुमडलेल्या हातात कापूस दाबून बाहेर आली, तोवर दादांनी शहाळं फोडून आणलं होतं. ती टुकटुकमध्ये बसून हळूहळू पाणी पीत राहिली आणि मी सवयीने तिची नाडी धरली.